बंद चेनसॉ: आधी टाकीतलं पेट्रोल बघा



बेंगळुरूत एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी वळीव कोसळतो. इथे त्याला मँगो शॉवर म्हणतात. नाव गोड आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लोगल्ली गुलमोहराच्या फांद्या आडव्या पडलेल्या असतात. पालिकेची टोळी येईपर्यंत गाडी बाहेर निघत नाही. घरात आजारी माणूस असेल तर तेवढा वेळही जड जातो. मग कुणाला तरी आठवतं, माळ्यावर एक छोटी चेनसॉ पडून आहे. ती खाली काढतात, ताजं पेट्रोल ओततात, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण मशीन ढिम्म.

आज टेबलावर आहे ती अशीच. बारा इंची पट्टी, पस्तीस सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. सकलेशपूरकडच्या कॉफीच्या मळ्यात सिल्व्हर ओकच्या फांद्या छाटायला अशी मशीन लागतात, त्यातलंच हे एक. मी फौजेत ईएमईमध्ये होतो, म्हणजे बंद पडलेलं चालू करणाऱ्या खात्यात. हत्यार हातात घेतलं की ते रिकामं आहे का, हे आधी बघायचं, अशी तिथली शिस्त. इथे त्याचा अर्थ एवढाच की प्लगची टोपी काढल्याशिवाय साखळीला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट. पुढच्या दांड्याजवळ हाताच्या संरक्षणाला एक पट्टी असते, ती पुढे ढकलली की साखळी जाम व्हायला हवी. हा चेन ब्रेक. चालू करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर अख्खी पट्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळते. ते थांबवायला हा ब्रेक आहे. फार जुन्या मॉडेलांना तो नसतोच. तसं असेल तर दुरुस्त करू नका, शोकेसमध्ये ठेवा. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

आता टाकी. झाकण उघडा आणि वास घ्या. ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो, जुन्याचा वार्निशसारखा आंबूस येतो. सगळं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि बाटली तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, तर रोगाचं मूळ सापडलं.

हा थर येतो कुठून? आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली तीही बेंगळुरूतच, इंडिया एनर्जी वीकमध्ये. इथेनॉल उसातूनही येतं. कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना हे सांगायला नको. त्या धोरणावर मी बोलत नाही, माझा विषय टाकीतला आहे. इथेनॉल हवेतला दमटपणा शोषून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहतं. पटत नसेल तर मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, मापाच्या काचेच्या नळीत १०० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी घालून हलवा. थोड्या वेळाने खालचा थर १० नाही, ३० मिलिच्या आसपास दिसेल.

टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून, आणि ते ऑइल वरच्या थरात राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिनाला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणचट अल्कोहोल. बहुतेक वेळा मशीन चालूच होत नाही, आणि ते बरंच. चुकून चालू झालं तर पिस्टन घासला जातो. म्हणून जुन्या पेट्रोलात ताजं ओतून दोरी ओढणं बंद करा.

इंजिन जिवंत आहे का, हे आता पाहू. प्लग जागेवर ठेवून दोरीची मूठ धरा आणि मशीन सांभाळून लटकवा. झटके खात, थांबत-थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन आहे. सरळ धपकन आलं तर सायलेन्सर उघडून आत टॉर्च मारा. पिस्टन गुळगुळीत हवा. उभे ओरखडे दिसले तर ब्लॉक-पिस्टनचा खर्च आहे, आणि छोट्या मशीनवर तो करू नये असं माझं मत.

स्पार्क तपासायला प्लग काढून टोपीत बसवा, त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवा आणि दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून दूर धरा, आतून पेट्रोलची वाफ येते. निळी ठिणगी पडली तर उत्तम. नाही पडली तर आधी नवा प्लग, मग बंद करायच्या स्विचची वायर. ती कुठेतरी बॉडीला टेकलेली असते आणि लोक उगाच कॉइल बदलतात.

आता खरी परीक्षा. प्लगच्या भोकात ताज्या मिश्रणाचे पाच-सहा थेंब टाका, प्लग घट्ट बसवा, सांडलेलं पुसा, चेन ब्रेक लावा आणि दोरी ओढा. दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडली तर अभिनंदन. इंजिन ठणठणीत आहे, पेट्रोल पोचत नाही एवढंच.

ते का पोचत नाही? टाकीतली रबरी नळी आधी बघा. जुनी नळी एकतर बिस्किटासारखी तुटते, नाहीतर गुळासारखी चिकट होते. फिल्टरसकट बदला. मग कार्ब्युरेटर. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असतो, तो आडवा केला की काम संपलं. करवत उलटी-आडवी कशीही धरावी लागते, म्हणून हिच्यात पातळ पडदे असतात, डायफ्राम. इंजिनाच्या पोटातल्या दाबाच्या हेलकाव्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो, दुसरा हवं तेवढंच पेट्रोल आत सोडतो. हे पडदे कडक झाले की संपलं. बोटाने दाबल्यावर एक्स-रेच्या फिल्मसारखा कडकड वाजला तर बदला. कार्ब्युरेटरवर नंबर कोरलेला असतो, तो सांगून किट मागा. बेंगळुरूत एस. जे. पी. रोडच्या मशिनरीच्या दुकानांत विचारा. मैसूरला बनणारी येझदी १९९६ साली थांबली, पण तिचे शौकीन इथे अजून आहेत, त्यामुळे टू-स्ट्रोक जाणणारा मेकॅनिकही सापडतो. कार्ब्युरेटरच्या भोकांत तार घालू नका. क्लीनरचा स्प्रे पुरे.

मिश्रण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणेच करा. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, पंचविसास एक म्हणजे ४० मिलि.

आता एक मुद्दा, जो परराज्यांतल्या मंडळींनी नीट ऐकावा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण थोडं जास्त पडतं. इथेनॉलचा परिणाम उलटा असतो. त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण कोरडं होतं. इथे दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात आणि मशीन सुरळीत चालतं. तीच करवत गावी रत्नागिरीला नेली की विरळ हवेचा आधार जातो, इथेनॉलचा कोरडेपणा उरतो, आणि नारळीच्या बागेत पिस्टन तापून धरतो. म्हणून घाट उतरलात की एच अक्षराचा स्क्रू असेल तर तो थोडा उघडायचा. पूर्ण वेगात आवाज जरा जाड, भरलेला यायला हवा. कर्कश शिट्टीसारखा आला तर लगेच बंद करा. मोकळ्या चालीवर साखळी फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा.

साखळीला वंगण वेगळ्या टाकीतून मिळतं. पट्टीचं टोक जमिनीवरच्या वर्तमानपत्रापासून वीतभर वर धरून रेस द्या. कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पट्टीची खाच आणि तेलाचं भोक भुशाने बुजलं आहे.

आणि मशीन चालू झालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. उभं झाड कापायला कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली, महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ च्या कायद्याखाली परवानगी लागते. पडलेली फांदीही विजेच्या तारेत अडकली असेल तर वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही.

काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पुढच्या भागात साखळीला धार कशी लावायची ते बघू. घरी चार मिलिमीटरची गोल कानस असेल तर शोधून ठेवा, छोट्या करवतीला बहुधा तीच लागते.