संकरित गाय आणि आपला उन्हाळा : विलायती रक्त किती ठेवावे?



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते, पण दुधाचा पैसा लवकर हातात पडतो आणि त्यावर घरखर्च चालतो. म्हणून शहादा-तळोदा पट्ट्यात ऊस लावणाऱ्या अनेक घरी दावणीला एखाद-दुसरी संकरित गाय असतेच. थंडीत ती भांडे भरून दूध देते. पण एप्रिल-मे आला, तापीकाठी पारा ४० च्या वर गेला, की तीच गाय धापा टाकते, चारा सोडते, दूध निम्म्यावर आणते. भरवली तरी उलटते. मग आपण गायीला दोष देतो, नाही तर भरवणाऱ्याला. खरे पाहता बऱ्याच वेळा दोष दोघांचाही नसतो. गायीच्या अंगात विलायती रक्त किती आहे, याचा आपण हिशेबच ठेवलेला नसतो.

हे असे का होते ते पाहू. होल्स्टीन ही मूळची नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडच्या थंड मुलखातली गाय. साधारण ५ ते २५ अंश तापमानात ती सुखी असते. गायीचे पोट ही एक भट्टीच आहे. चारा आंबतो, रवंथ होतो, दूध तयार होते, या सगळ्यात उष्णता निर्माण होते. जितके दूध जास्त तितकी भट्टी मोठी. बाहेर हवा गार असली तर ही उष्णता निघून जाते. बाहेर ४२ अंश असले तर जाणार कुठे? मग गाय चारा कमी खाऊन भट्टीच मंद करते. दूध घटते ते त्यामुळे.

आपल्या गीर गायीचे तसे नाही. तिला घामाच्या ग्रंथी जास्त आणि मोठ्या असतात, केस आखूड व चकचकीत असतात, आणि अंगातली उष्णताही कमी तयार होते. म्हणून ती दुपारीही चरते. दूध मात्र होल्स्टीनच्या मानाने कमी. दोघींचे गुण एकत्र आणावेत म्हणून संकर सुरू झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे बाएफ ही संस्था स्थापली आणि गोठवलेल्या रेताने संकराचे काम गावोगाव नेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन अशा तिघींच्या मेळातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. तिच्यात ५० टक्के होल्स्टीन, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर रक्त आहे. म्हणजे तज्ज्ञांनीसुद्धा देशी रक्त पुसून टाकले नाही, चौथा हिस्सा राखूनच ठेवला.

आपली चूक इथेच होते. हिशेब सोपा आहे : आईचे निम्मे आणि बापाचे निम्मे. गीर गाय होल्स्टीनने भरवली, कालवड ५० टक्के झाली. दूध वाढले, आपण खूश झालो. ती कालवड पुन्हा होल्स्टीनने भरवली, पुढची ७५ टक्के झाली. तिलाही तेच रेत दिले, की नात ८७.५ टक्क्यांवर जाते. कागदावर दूध वाढते, पण उन्हाला तोंड देणारे रक्त आठव्या हिश्श्यावर येते. अशा गायीचा उन्हाळ्यात माज मुका जातो, गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. एकदा उलटली की २१ दिवस गेले, तीनदा उलटली की ६३ दिवस. दोन महिने फुकट खुराक, आणि वेत तितकेच लांबले. जास्तीचे दूध इथेच फिटते.

म्हणून आपल्या हवेत विलायती रक्त ५० ते ६२.५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे हिताचे. आपलीच गीर नेऊन ब्राझीलने 'गिरोलांडो' जात बनवली, १९९६ साली तिला तिथे अधिकृत मान्यता मिळाली. तिच्यातही होल्स्टीनचे पाच हिस्से आणि गीरचे तीन हिस्से, म्हणजे ६२.५ टक्केच. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गायींचा आखूड केसांचा गुण होल्स्टीनमध्ये उतरवण्याचे कामही झाले आहे. अशा गायी उन्हात कमी तापतात. सगळे जग आता दुधाबरोबर ऊनही पाहू लागले आहे.

आता आपण काय करायचे?

एक, गाय भरवताना वळू कोणत्या जातीचा आणि किती टक्क्यांचा हे विचारा. कांडीवर वळूचा क्रमांक असतो, तो तारखेसह वहीत लिहून ठेवा. उसाची लागण तारीख लिहितो, तशीच ही.

दोन, गाय ७५ टक्क्यांची असेल तर तिला ५० टक्क्यांच्या संकरित वळूचे रेत द्या. कालवड ६२.५ टक्क्यांची होईल. गीर वळूचे दिले तर ३७.५ वर येईल, दूध कमी पण गाय काटक.

तीन, कालवड निवडताना नुसते आईचे दूध पाहू नका. मे महिन्यात दुपारी सावलीत उभ्या जनावराची कूस मिनिटाला किती वेळा हलते ते मोजा. ६० च्या वर गेली तर ताप सुरू झाला समजा. दोन सारख्या कालवडींत जी कमी धापते ती ठेवा.

चार, रक्त सुधारायला दोन-तीन पिढ्या लागतात. तोवर दावणीच्या गायीला झाडाची सावली आणि गार पाणी द्या, चारा पहाटे आणि रात्री टाका. नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगात चुना कमी पडतो. कडबा, हिरवा चारा आणि क्षार मिश्रण जोडीला हवेच.

उसाचे बेणे निवडताना आपण जमीन आणि पाणी पाहतो. गायीचे बेणे निवडताना ऊन पाहावे, एवढेच सांगणे.