लिफ्ट केलेली थार पुढून वाजते, तेव्हा आधी काय बघायचं?

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलतानाचे ‘अं... म्हणजे’ काढलेत, बाकी तसंच आहे.

ठाकुर्लीच्या 90 फुटी रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा, लिफ्ट केलेली एक तरी थार जाईलच. दोन इंच उंच, जाड टायर, पुढे बंपर. दिसते भारी. आणि मग दोन महिन्यांनी मालकाचा मेसेज येतो: ‘भावा, पुढून काहीतरी वाजतंय.’ तो यूट्यूबवर शोधतो, अमेरिकन रँग्लरचे व्हिडिओ सापडतात आणि त्यात सांगतात ट्रॅक बार बदला. पण थारला पुढे ट्रॅक बारच नाही! रँग्लरला पुढे सलग एक्सल आहे. 2020 मध्ये आलेल्या थारला पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगवेगळं आहे: वर-खाली दोन आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शॉक एकत्र. दिसायला दोघी बहिणी, पण पोटात वेगळ्या. त्यामुळे पार्ट मागवण्याआधी आपल्या गाडीखाली नेमकं काय आहे ते वाकून बघा.

आता लिफ्ट केल्यावर काय होतं? डिफरन्शियल चेसीला पक्कं बसलेलं असतं. गाडी वर गेली की ते वर जातं, चाकं मात्र जमिनीवरच. मग दोघांना जोडणारे शाफ्ट तिरके होतात आणि त्यांच्या टोकांचे सीव्ही जॉइंट जास्त कोनात फिरायला लागतात. बॉल जॉइंटही तिरके, स्टिअरिंगचे टाय रॉडही तिरके. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. शॉक खालच्या आर्मवर चाकापासून आत बसतो, त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर टाकला की गाडी एक इंचापेक्षा जास्त उचलते.

लिफ्टचा प्रकारही विचारायचा. शॉकच्या डोक्यावर स्पेसर टाकला असेल तर चाक कंपनीने ठरवलंय त्याहून खाली लोंबू शकतं. मग वरचा आर्म स्प्रिंगला घासू शकतो, सीव्ही ताणला जातो. उलट, शॉक जुनेच ठेवून फक्त स्प्रिंग उंच टाकल्या असतील तर शॉक आधीच अर्धा उघडलेला असतो. चाक खड्ड्यात पडलं की तो पूर्ण उघडून आतल्या आत आपटतो: ठक्क!

माझ्या एका मित्राच्या गाडीत हेच होतं. एका वर्कशॉपने त्याला थेट स्टिअरिंग रॅक बदलायला सांगितला होता. कोटेशन बघून त्याचा चेहरा पडला. आम्ही फक्त सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर दहा वेळा ओलांडला. चढताना आवाज नाही, उतरताना चाक खाली सुटलं की ठक्क. दर वेळी. रॅक ढिला असता तर जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवूनही खटखट आली असती. ती नव्हती. लांब शॉक बसवले, आवाज गेला.

आमच्या धंद्यात याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात. जो आवाज तुम्हाला मुद्दाम काढता येत नाही, त्यासाठी पार्ट बदलू नका. आणि बदललाच तर एका वेळी एकच. चार पार्ट एकदम बदलले आणि आवाज गेला, तर पैसे गेले आणि कळलंही काही नाही.

हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर खडखड येते, पण दोन्ही चाकं एकदम ब्रेकरवर चढली की येत नाही? आधी स्टॅबिलायझर बारची लिंक हातात धरून हलवा. हा सगळ्यात स्वस्त संशयित आहे, आणि त्याला सगळ्यात शेवटी पकडतात. पूर्ण वळवून हळू चालवताना कट्-कट्-कट् येत असेल तर बाहेरचा सीव्ही. रबरी बूट फाटलंय का, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का, बघा. ही टेस्ट 4एचमध्ये, पण मोकळ्या मातीवरच करायची. सुक्या डांबरावर 4एच टाकून वळलात तर गाडी अडखळणारच. पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे तसं होतं. त्याला फॉल्ट म्हणू नका.

आता थरथर. इथे मला मजा येते, कारण गणित चालतं. 245/75 आर16 टायरचा घेर साधारण 2.43 मीटर. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 9 वेळा फिरतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या साधारण साडेतीन ते चारपट, म्हणजे 32 ते 37 वेळा. फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं आहे. त्यात ‘अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम’ उघडा, फोन डॅशबोर्डवर घट्ट चिकटवा. शिखर 9 हर्ट्झजवळ आलं तर चाक: बॅलन्सिंग, वाकलेलं रिम किंवा रिममध्ये वाळलेला चिखल. 35च्या आसपास आलं तर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस. फक्त इंजिनही 2000 आरपीएमला सेकंदाला 33 वेळा फिरतं, म्हणून वेग तोच ठेवून गिअर बदला. शिखर हललं तर इंजिनचं, जागेवर राहिलं तर चाकांच्या बाजूचं. फोन शेजारच्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही.

आणि टेस्टचा रस्ता निवडा. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या काँक्रीटला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. 60च्या वेगाला ते सेकंदाला 3-4 ठोके देतात. रस्ता वाजतोय आणि तुम्ही गाडीला शिव्या घालताय, असं व्हायला नको.

सतत घूंऽऽ येत असेल तर पुढची चाकं मागे टाका. आवाज मागे गेला तर टायरची झीज, म्हणजे लिफ्टनंतर अलाइनमेंट केलेलंच नाही. पुढेच राहिला तर बेअरिंग. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या चाकावर संशय, कारण वजन तिकडे जातं.

मग चाक उचलून बघायचं. मागे दगड लावा, जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड हवाच. आधार खालच्या आर्मखाली द्या, नाहीतर बॉल जॉइंटवर स्प्रिंगचा ताण राहून त्याचा ढिलेपणा लपतो. चाक वर-खाली धरून हलवा. हलतंय? मित्राला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग, चालू राहिलं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडेच हलत असेल तर टाय रॉड एंड. बॉल जॉइंट ढिला असेल तर माळशेज विसरा, गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत हळू न्या किंवा टो करा. तो सुटला तर चाकच आडवं पडतं.

जिप्सी आणि जिम्नीवाल्यांनो, तुमच्याकडे मात्र पुढे सलग एक्सल आहे. ठरावीक वेगाला खड्डा लागून स्टिअरिंग जोरजोरात हलायला लागलं, तर घट्ट धरा आणि हळूहळू वेग कमी करा. नंतर किंगपिन बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे, लिफ्टने बिघडलेला कॅस्टर बघा. जिम्नीत आडव्या रॉडचे बुशही. नवीन स्टिअरिंग डॅम्पर टाकला की थरथर लपते, कारण तिथेच राहतं.

लिफ्ट करायच्या विचारात असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. क्लेमच्या वेळी हा प्रश्न येऊ शकतो.

तुमच्या गाडीचा आवाज पाठवायचा असेल तर व्हॉइस नोटबरोबर एवढं लिहा: वेग किती, गिअर कुठला, 2एच की 4एच, सरळ की वळताना, ब्रेक दाबल्यावर बदलतो का, आणि लिफ्ट स्पेसरची आहे की स्प्रिंगची. नुसतं ‘दादा वाजतंय’ पाठवलंत तर मी पण नुसतं ‘हो ना’ पाठवीन.