मोठी मोटर लावून कातळ चढता येत नाही

रिमोटवर खडक चढणारी गाडी बांधायला घेतली, असं सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "मोटर केवढी बसवली?" शर्यतीच्या गाडीबद्दल हा प्रश्न रास्त आहे. क्रॉलरच्या, म्हणजे अशा खडक चढणाऱ्या गाडीच्या, बाबतीत तो सगळ्यात शेवटी विचारला तरी चालेल.

हिशेबच मांडू. एक-दशांश मापाच्या क्रॉलरमध्ये मोटर साधारण चाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. मोटरचे मिनिटाला 10,000 फेरे धरले तर चाकाचे 250 होतात. टायर 110 मिमी व्यासाचा असेल तर वेग भरतो ताशी 5 किमीच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीइतका. गिअरमधून चाळीसपट झालेला जोर चाकं जागच्या जागी घसरवायला पुरेसा असतो, मग मोटर 540 आकाराची साधी ब्रशवाली का असेना. टायर घसरायला लागला की त्यापुढची सगळी ताकद वाया जाते.

"जास्त टर्नची मोटर म्हणजे जास्त टॉर्क" हे वाक्य मात्र मुरलेल्या मंडळींच्याही तोंडी असतं. ते अर्धंच खरं आहे. 55 टर्नची, म्हणजे तारेच्या 55 वेढ्यांची, मोटर 35 टर्नच्या मोटरपेक्षा दर अँपिअरमागे जास्त जोर देते. पण तेवढ्याच जागेत जास्त वेढे बसवायचे तर तार बारीक घ्यावी लागते, तिचा रोध वाढतो आणि करंट घटतो. त्यामुळे त्याच व्होल्टेजवर तिचा कमाल जोर उलट कमी भरतो. तरी क्रॉलरवाले तीच निवडतात, ते वेगळ्या कारणाने. ट्रिगर जरासा दाबला की गाडी बोटभर सरकते आणि मोटर तापत नाही. शर्यतीची 12 टर्नची मोटर अशा रांगत्या चालीत भसाभस करंट ओढते आणि थोड्याच वेळात हात लावू देत नाही.

चढण खरी ठरते ती वजनावर. "गाडी हलकी हवी" आणि "जड गाडीची पकड चांगली" ही दोन्ही मतं ऐकू येतात, पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे पाहावं लागतं. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर 313 मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून 80 मिमी उंच धरा. सपाटीवर निम्मं-निम्मं वजन असलेली ही गाडी 45 अंशांच्या चढावर घातली की पुढच्या चाकांवर जेमतेम 24 टक्के भार उरतो. गुरुत्वमध्य 120 मिमीवर गेला तर 12 टक्केच, म्हणजे पुढची चाकं दगडाला नुसती शिवतात. सपाटीवरच पुढे 60 टक्के ठेवले, तर 80 मिमी उंचीला त्याच चढावर 34 टक्के हाताशी राहतात. पुढच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) आणि रिमच्या आत पितळी वजनं चढवतात, बॅटरी पुढे आणि खाली सरकवतात, त्यामागे हेच गणित आहे.

छतावर कॅरियर, जेरीकॅन आणि स्टेपनी चढवलेली गाडी फोटोत झकास दिसते, पण आडव्या उतारावर लवंडते. हे घरी तपासता येतं. गाडी फळीवर आडवी ठेवायची, फळीची एक कड हळूहळू उचलायची आणि वरचं चाक सुटलं की मोबाइलवर कोन मोजायचा. 220 मिमी रुंद गाडी, गुरुत्वमध्य 80 मिमीवर असेल, तर कागदावर 54 अंशांपर्यंत टिकते. 120 मिमीला हाच आकडा 43च्या आत येतो. प्रत्यक्षात शॉक दबून गाडी कलते, म्हणून याहूनही कमीच मिळतो.

टायरमध्ये हवा भरलेली असते, हाही एक समज. यात हवा कोंडलेली नसते. ती ये-जा करावी म्हणून भोकं असतात आणि आकार धरतो आतला फोम. चांगल्या फोमचा बाहेरचा थर मऊ आणि आतला घट्ट असतो. टायर अंगठ्याने दाबून बघावा. फोम फार घट्ट असेल तर टायर दगडाच्या टोकावर नुसता उभा राहतो, त्याला बिलगत नाही. फार मऊ असेल तर आडव्या उतारावर दुमडतो. यासाठीच टायर चिकटवण्यापेक्षा स्क्रूने आवळायची बीडलॉक रिम घ्यावी. फोम पुन्हा-पुन्हा कातरावा लागतोच.

गॅरेजवाल्या मित्राला क्रॉलरमध्ये डिफरन्शियल जाम केलेला असतो हे पटत नाही. रस्त्यावरच्या गाडीसाठी त्याचं बरोबर आहे. खडकावर एक चाक हवेत गेलं की मोकळा डिफरन्शियल त्यालाच गरागरा फिरवतो आणि टेकलेलं चाक स्वस्थ बसतं. लॉक केल्यावर वळणाचा घेर वाढतो, तेवढी किंमत मोजावी लागते. टीआरएक्स-4 सारख्या गाडीत रिमोटवरून लॉक घालायची-काढायची सोय आहे.

शून्यातून बांधणं म्हणजे सगळं घरी घडवणं, असं समजून कित्येक जण आधीच हात टेकतात. गिअर आणि टायर घरी कोणी करत नाही. तामियाची 1987 सालची क्लॉड बस्टर ही खरं तर मॉन्स्टर ट्रक, पण तिचे अ‍ॅक्सल काढून सुरुवातीच्या काळात हौशींनी क्रॉलर बांधले. स्वतःच्या हाताचं काम म्हणजे चेसिसच्या दोन पट्ट्या, लिंकची लांबी, शॉकच्या जागा. थ्रीडी प्रिंटरवर भाग काढणार असाल तर मोटरचा माउंट पीएलए प्लास्टिकचा नको. ते 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि मोटर तिथवर सहज पोहोचते.

शिवाय घरी बांधलं की स्वस्त पडतं, हे घरच्यांना सांगायला ठीक आहे. अ‍ॅक्सल, चाकं वळवणारा सर्वो, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी, शॉक सुटे घेत गेलं की बेरीज बहुतेक वेळा तयार गाडीच्या पुढे जाते.