परस्परविरोधी आवश्यकता, प्रणाली अभियांत्रिकीतील

प्रणालीच्या ज्या दोन वा अधिक आवश्यकता एकाच अभिकल्पात एकाच वेळी पूर्णपणे भागविता येत नाहीत, त्यांना परस्परविरोधी आवश्यकता म्हणतात. त्या आरंभीच ओळखणे हे प्रणाली अभियांत्रिकीचे एक प्रमुख कार्य आहे. आरंभी असा विरोध कागदावरच दूर करता येतो. निर्मिती सुरू झाल्यावर मात्र एक भाग बदलला की, त्याला जोडलेले इतर भागही बदलावे लागतात व खर्च झपाट्याने वाढतो.

प्रकार : काही आवश्यकता तर्कदृष्ट्याच विसंगत असतात. उदा., वीज गेल्यावर दार सुरक्षिततेसाठी बंदच राहावे आणि आगीच्या वेळी सुटकेसाठी ते आपोआप उघडावे, या दोन अपेक्षा. इतर बाबतींत प्रत्येक आवश्यकता रास्त असते. परंतु वजन, जागा, वीज, वेळ वा पैसा अशा एकाच मर्यादित राशीवर दोहोंचा भार पडतो. त्या वेगवेगळ्या गटांनी मांडलेल्या असल्यामुळे हा विरोध सहसा उशिरा लक्षात येतो.

ओळखण्याच्या पद्धती : प्रथम प्रत्येक आवश्यकता मोजता येईल अशा स्वरूपात मांडतात. ‘हलके’ व ‘मजबूत’ या शब्दांत विरोध दिसत नाही; किलोग्रॅम व न्यूटन यांत तो दिसतो. शंभर आवश्यकतांच्या ४,९५० जोड्या होतात. त्या सर्व तपासणे जिकिरीचे असल्याने एकाच राशीवर भार टाकणाऱ्या आवश्यकता एकत्र करून त्यांची बेरीज उपलब्ध मर्यादेशी ताडून पाहतात. काही वेळा चौकटींची सारणी करून प्रत्येक जोडी पूरक, विरोधी की स्वतंत्र, हे नोंदवितात. प्राथमिक प्रतिकृतींचाही उपयोग होतो.

उदाहरण : १९६१ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्‌नामारा यांनी हवाई दल व नौदल यांच्यासाठी खर्च वाचविण्याच्या हेतूने एकच लढाऊ विमान तयार करण्याचे ठरविले. हवाई दलाला जमिनीलगत स्वनातीत वेगाने दूरवर शिरकाव करणारे विमान हवे होते. नौदलाला ताफ्याच्या रक्षणासाठी मोठे रडार व लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे घेऊन बराच काळ उंचावर घिरट्या घालणारे, तरीही विमानवाहू जहाजावर उतरू शकेल इतके हलके विमान हवे होते. उड्डाणात कोन बदलणाऱ्या पंखांमुळे उच्च वेग व मंद अवतरण यांतील विरोध मिटला. वजनाचा मिटला नाही. एफ-१११ बी ही नौदलाची आवृत्ती अतिशय जड ठरली व १९६८ मध्ये तिचे काम थांबविण्यात आले. नंतर नौदलासाठी स्वतंत्रपणे बनविलेल्या एफ-१४ विमानातही तसेच पंख व तीच क्षेपणास्त्रे होती. म्हणजे मूळ अडचण या घटकांत नसून दोन कामांसाठी एकच सांगाडा वापरण्यात होती.

निराकरण : आवश्यकतांचा अग्रक्रम ठरविणे, मर्यादित राशीची वाटणी करणे, वेगळी यंत्रणा निवडणे किंवा प्रणाली विभागणे, हे प्रमुख मार्ग होत. कोणती आवश्यकता शिथिल करावयाची, हा निर्णय केवळ अभिकल्पकाचा नसून वापरणाऱ्यांचाही असतो. म्हणून घेतलेला निर्णय कारणांसह नोंदवून ठेवतात. काही विरोध विशिष्ट यंत्रणा निवडल्यानंतरच उद्‌भवतात. त्यामुळे अभिकल्पाच्या प्रत्येक टप्प्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागते.