आधी मनगट, मग गुडघा

अर्जेंटिनाच्या ह्वान मार्टिन देल पोत्रोने २००९ साली अमेरिकन ओपन जिंकली ती विशीतच. उपांत्य फेरीत नदाल, अंतिम फेरीत फेडरर गारद! पुढच्याच वर्षी उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. २०१४-१५ मध्ये डाव्यावर तीनदा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्याचं एवढं काय? पण दोन हातांच्या बॅकहँडला जोर मिळतो तो बराचसा डाव्या हातातूनच. परतल्यावर बराच काळ तो त्या बाजूचा चेंडू एका हाताने नुसता कापत राहिला. तशातही २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकचं रौप्य आणि डेव्हिस कप मिळवलाच. २०१८ मध्ये जागतिक क्रमवारीत तिसरा झाला, आणि त्याच वर्षी शांघायमध्ये गुडघ्याची वाटी फुटली. शेवटचा व्यावसायिक सामना फेब्रुवारी २०२२ मध्ये, ब्युनोस आयर्सला. एकेरीचं ग्रँड स्लॅम विजेतेपद एकच.