हवा आणि हवामान

‘आज महाबळेश्वरला ऊन आहे’ हे झाले हवेचे वर्णन. ‘महाबळेश्वरला पाऊस फार’ हे हवामानाचे. हवा तासागणिक पालटते. हवामान ठरवताना साधारण ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी घेतात.

आता पसरणीचा घाट उतरून वाईला या. अंतर जेमतेम ३२ किलोमीटर! पण महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर वाईला त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. असे का? अरबी समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच बरसतात. पूर्वेला उतरताना ते तापतात, कोरडे होतात.

म्हणून पीक निवडावे हवामान पाहून, पेरणीचा दिवस हवा पाहून. जूनमधल्या एकाच सरीला भुलून पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याचा खर्चही दुप्पट.