संगणकाने चूक कशी सांगावी?

गणिताचे उत्तर चुकले की शिक्षक वहीत लाल शाईने खूण करतात. काही शिक्षक नुसती फुली मारतात. काही मात्र आपण ज्या पायरीवर घसरलो तिच्याखाली रेघ ओढून ‘येथे हातचा विसरला’ असे लिहितात. चूक दोघांनीही दाखविली, पण शिकविले ते दुसऱ्याने. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यालाही असाच अनुभव येतो. त्याची वही तपासतो तो संगणकच, आणि त्याचे शेरे पुष्कळदा फुलीसारखे असतात.

आज्ञावली म्हणजे संगणकाने क्रमाने करावयाच्या कामांची मांडणी. ती सी, जावा, पायथन अशा एखाद्या भाषेत लिहितात. या भाषांचे व्याकरण फार कडक असते. आपल्या पत्रात एखादा स्वल्पविराम राहिला तरी वाचणाऱ्याला आशय कळतो; संगणक मात्र तेथेच थांबतो आणि पडद्यावर एक त्रुटिसंदेश दाखवितो. हे संदेश इतके कोड्यात टाकणारे का असतात? आणि ते बदलून सोपे का करू नयेत?

चूक एकीकडे, बोट दुसरीकडे

पायथन या भाषेचे उदाहरण घेऊ. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात हीच भाषा शिकविली जाते. या भाषेत राशींना देवनागरी नावेही देता येतात. समजा, एका विद्यार्थ्याने पुढील दोन ओळी लिहिल्या:

एकूण = (मराठी + गणित
टक्के = एकूण / विषय

चूक तुमच्या लक्षात आली असेलच. पहिल्या ओळीत कंस उघडला, पण मिटला नाही. पायथनच्या जुन्या आवृत्त्या येथे काय म्हणत? ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’, म्हणजे वाक्यरचना अमान्य. आणि बोट दाखवीत दुसऱ्या ओळीतील ‘टक्के’ या शब्दाकडे! बिचारा विद्यार्थी दुसरी ओळ दहा वेळा वाचतो. तिच्यात काहीच चुकलेले नसते. दुसरी ओळ लिहिलीच नाही, तर वेगळा संदेश येई: ‘अनएक्स्पेक्टेड ई.ओ.एफ. व्हाइल पार्सिंग’. ई.ओ.एफ. म्हणजे फाइलीचा शेवट आणि पार्सिंग म्हणजे वाक्यपृथक्करण. सरळ मराठीत, ‘वाक्यपृथक्करण चालू असताना फाइल अनपेक्षितपणे संपली’. हे खरेच आहे. पण कंस मिटावयाचा राहिला हे त्यावरून नवशिक्याने कसे ओळखावे?

गंमत अशी की यंत्राच्या बाजूने पाहिले तर त्याचे बरोबरच असते. उघड्या कंसाच्या आत ओळ बदलली तरी पायथन ती एकच सलग ओळ समजतो. त्यामुळे त्याने ‘मराठी + गणित टक्के’ असे वाचले. ‘गणित’ या शब्दानंतर ‘टक्के’ येऊ शकत नाही, म्हणून तो तेथे अडला. यंत्राने आपण कोठे अडलो ते सांगितले; विद्यार्थ्याला हवे होते ते, तो स्वतः कोठे चुकला हे. त्रुटिसंदेशांतील पुष्कळसा गोंधळ या दोन प्रश्नांमधील फरकातून जन्म घेतो.

टंकलेखन यंत्राची गोष्ट

कधी कधी संदेश जुना होतो आणि त्यातील शब्दांना अर्थच उरत नाही. युनिक्स ही संगणक-प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मास आली. त्या काळी लोक संगणकाशी टेलिटाइपवरून बोलत. हे यंत्र विजेवर चालणाऱ्या टंकलेखन यंत्रासारखेच असे. एखाद्या आज्ञावलीने टेलिटाइपला देण्याजोगी सूचना दुसऱ्याच कशाला, उदाहरणार्थ एखाद्या फाइलीला दिली, तर उत्तर येई, ‘नॉट अ टाइपरायटर’: हे टंकलेखन यंत्र नव्हे!

टेलिटाइप गेले, पण वाक्य मागे राहिले. शिवाय त्याला एक खोड होती. आपला मजकूर पडद्यावर जाणार की फाइलीत, हे पाहण्यासाठी काही आज्ञावल्या आतल्या आत ही चौकशी करून पाहत. उत्तर नकारार्थी आले तरी बिघडत काहीच नसे, पण त्या दोषाचा क्रमांक स्मरणात तसाच राही. पुढे भलतीच अडचण आली, की तोच क्रमांक वर येई आणि चकित झालेल्या माणसापुढे ‘हे टंकलेखन यंत्र नव्हे’ असे वाक्य उमटे.

पुढे हे शब्द बदलले. आज लिनक्समध्ये त्या जागी ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असे येते. म्हणजे, या उपकरणाला गैरलागू असलेली नियंत्रणाची सूचना. हे अधिक अचूक आहे खरे, पण ‘आयऑक्टल’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने पाटी तेवढी बदलली! एक गोष्ट मात्र जाणूनबुजून तशीच ठेवलेली आहे. लिनक्समध्ये या दोषाचा क्रमांक २५ आहे, आणि शब्द कोणतेही असोत, आज्ञावल्या आपसात त्या क्रमांकावरूनच तो ओळखतात. ही युक्ती ध्यानात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

नुसते शब्द बदलून भागेल का?

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती आली. वरील दोन ओळी आजच्या पायथनला दिल्या, तर तो पहिल्या ओळीतील कंसाकडे बोट दाखवून सांगतो, ‘हा कंस मिटलेलाच नाही’. अपूर्णविराम राहिला असेल, तर ‘येथे अपूर्णविराम हवा होता’ असे सांगतो. राशीचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर ‘तुम्हाला अमुक म्हणावयाचे होते का?’ असे विचारतो.

हा बदल शब्दकोश उघडून झालेला नाही. आधीचे वाचनयंत्र पुढचा एकच शब्द पाहून निर्णय घेत असे. २०२० साली ३.९ या आवृत्तीत नव्या पद्धतीचे वाचनयंत्र बसविले गेले, आणि मग त्याला एक सवय लावता आली. पहिल्या वाचनात आज्ञावली व्याकरणात बसली नाही, की ते ती पुन्हा एकदा वाचते. या दुसऱ्या वाचनात माणसे नेहमी करतात अशा चुकांसाठी खास नियम असतात. बरोबर लिहिलेल्या आज्ञावलीला दुसऱ्या वाचनाची गरजच नसते. म्हणून तिचा वेळ वाया जात नाही. थोडक्यात, यंत्राला चुकीचे कारण आधी कळले, मग ते सोप्या शब्दांत सांगता आले.

संशोधकांचे अनुभवही विचार करावयास लावणारे आहेत. रॅकेट या भाषेचे संदेश नवशिक्यांसाठी मुद्दाम काळजीपूर्वक लिहिलेले होते. तरीही मार्सो, फिस्लर आणि कृष्णमूर्ती यांना २०११ साली अमेरिकेत असे आढळले की त्या संदेशांतील पारिभाषिक शब्दच अनेक विद्यार्थ्यांना नीट कळत नव्हते. रंगवून दाखविलेला भाग म्हणजे ‘येथेच दुरुस्ती करा’ असा अर्थही विद्यार्थी घेत. न्यूझीलंडमधील डेनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जावाच्या संदेशांना जास्तीचे स्पष्टीकरण जोडून पाहिले. विद्यार्थ्यांच्या कामगिरीत लक्षणीय फरक पडला नाही. उलट आयर्लंडमध्ये बेकर यांनी २०१६ साली केलेल्या अभ्यासात सुधारित संदेशांमुळे चुका कमी झाल्या. म्हणजे संदेश लांब केला की तो सोपा होतोच असे नाही. तो विद्यार्थ्यांवर पारखून पाहावा लागतो.

मग बदलावेत की नाही?

बदलाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. जुन्या संदेशांचे अर्थ पुस्तकांत, शिक्षकांच्या टिपणांत लिहून ठेवलेले असतात. शब्द बदलले की ते शोधणे कठीण होते. शिवाय काही आज्ञावल्या संदेशाचा मजकूर जसाच्या तसा जुळवून पाहतात. त्या बंद पडतात. तिसरा धोका अंदाजाचा. यंत्राने आत्मविश्वासाने चुकीचा तर्क सांगितला, तर नवशिका भलत्याच वाटेला लागतो.

यांवर उपाय आहे, आणि तो त्या २५ क्रमांकात दडलेला आहे. दोषाचे नाव किंवा क्रमांक कायम ठेवावा आणि स्पष्टीकरणाचे शब्द बदलण्यास मोकळीक असावी. पायथनने हेच केले आहे. वाक्यरचनेच्या दोषाचे ‘सिंटॅक्स एरर’ हे नाव तेच आहे. मात्र त्यापुढील मजकूर आवृत्तीगणिक बदलू शकतो, आज्ञावलींनी त्यावर विसंबू नये, असे भाषेच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेले आहे. आणि यंत्राला खात्री नसेल, तर त्याने आज्ञा न करता ‘असे तर नाही ना?’ असे विचारावे.

तेव्हा गोंधळात टाकणारे शब्द अवश्य बदलावेत. तज्ज्ञाला त्यांची सवय झालेली असते. पण पहिल्याच आठवड्यात चार वेळा ‘अमान्य’ असे ऐकणारा विद्यार्थी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे समजून हा विषयच सोडून देऊ शकतो. दोष असतो एका कंसाचा, आणि तो स्वतःच्या बुद्धीला बोल लावीत बसतो! ज्या मुलाला इंग्रजी वाक्याचा अर्थही लावावा लागतो, त्याच्यावर तर दुहेरी भार पडतो.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर पाच-सहा ओळींची एक बिनचूक आज्ञावली लिहा. मग एकदा कंस, एकदा अपूर्णविराम, एकदा अवतरणचिन्ह काढून टाका आणि प्रत्येक वेळी येणारा संदेश वहीत उतरवून घ्या. संगणकाने दाखविलेली ओळ आणि खरी चूक असलेली ओळ एकच आहे का, ते शेजारी लिहा. मग प्रत्येक संदेश मराठीत एकाच वाक्यात लिहा: चूक कोठे आहे, काय राहिले आहे. शेवटी मूळची आज्ञावली न पाहिलेल्या मित्राला नुसते तुमचे वाक्य वाचावयास द्या. त्याला चूक सापडली नाही, तर वाक्य पुन्हा लिहा.